वेगाची किंमत : हुआन मान्युएल फांजिओ यांची जीवनकथा



आपले छत्रपती संभाजीनगर हे लेण्यांचे आणि दरवाजांचे शहर आहे, तसेच ते चाकांचेही शहर आहे. वाळूज येथे १९८५ पासून बजाजच्या दुचाकी तयार होऊ लागल्या आणि २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांची चूल या कारखान्यांच्या आधाराने पेटली. अशा शहरातील मुलांना इंजिनाचा आवाज लहानपणापासून ओळखीचा असतो आणि त्यांतील काहींच्या मनात मोटार शर्यतीचे स्वप्न रुजते, यात नवल नाही. त्यांचे आईवडील आम्हांला दोन प्रश्न विचारतात. या क्षेत्रात प्रवेश कसा करावा आणि त्याला खर्च किती येतो?

आम्ही या विषयाचे जाणकार नाही. तथापि, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते असे आम्हांला वाटते. हा माणूस म्हणजे अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ. पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या या शर्यतपटूचे १९९५ मध्ये निधन झाले. त्याच्या विजयांची यादी कोणत्याही ग्रंथालयात मिळेल. आज आम्हांला त्या विजयांचा हिशेब मांडायचा आहे, कारण त्या हिशेबाच्या वहीत पैशांखेरीज आणखीही बरेच काही नोंदलेले आहे.

गवंड्याच्या घरातला मुलगा

अर्जेंटिनातील बाल्कार्से हे बटाट्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले गाव राजधानी ब्युनोस आयर्सपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. इटलीच्या अब्रुझी प्रांतातून पोटासाठी देशांतर केलेल्या एका कॅथलिक कुटुंबात २४ जून १९११ रोजी फांजिओ यांचा जन्म झाला. तो दिवस संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्माच्या सणाचा. म्हणून बाळाचे नाव हुआन, म्हणजे योहान, असे ठेवण्यात आले. वडील लोरेतो गवंडीकाम व रंगकाम करीत. आई हर्मिनिया सहा मुलांचा संसार काटकसरीने चालवी. स्थलांतरितांच्या घरात असतो तसाच येथेही नियम होता : कष्ट प्रथम, हौस नंतर.

शाळा लवकर सुटली. तेराव्या वर्षाच्या सुमारास हुआन गॅरेजमध्ये हरकाम्या म्हणून जाऊ लागला. फरशी झाडणे, नटबोल्ट धुणे, तेलाने माखलेले भाग रॉकेलमध्ये घासून काढणे ही त्याची पहिली विद्या होती. पुढे मिगेल विजानो यांच्या गॅरेजमध्ये तो खऱ्या अर्थाने मेकॅनिक झाला. फुटबॉलमध्येही तो तरबेज होता. त्याच्या किंचित वाकड्या पायांमुळे मित्रांनी त्याला ठेवलेले फेंगड्या अशा अर्थाचे टोपणनाव जन्मभर टिकले. तरुण वयात फुप्फुसाच्या मोठ्या दुखण्याने त्याला अंथरुणावर खिळविले. त्या दिवसांत आईने केलेल्या शुश्रूषेमुळेच तो वाचला, असे त्याच्या घरी मानले जाई.

सक्तीची लष्करी सेवा संपवून परतल्यावर त्याने मित्रांच्या साथीने स्वतःचे छोटे गॅरेज उघडले. येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शर्यतीच्या मोटारीत बसण्यापूर्वी या माणसाने सुमारे बारा वर्षे मोटारीखाली पडून काढली होती. इंजिन काय बोलते हे त्याला कानाने कळे. गाडीला किती ताणावे आणि कोठे थांबावे याचे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळाले नाही, ते हातांना पडलेल्या घट्ट्यांतून मिळाले. पुढे इतर चालकांची यंत्रे मोडून पडत असता त्यांची गाडी शेवटपर्यंत टिकत असे. त्यामागचे रहस्य या बारा वर्षांत होते.

उसनी टॅक्सी, गावाची वर्गणी

ऑक्टोबर १९३६ मध्ये फांजिओ यांनी पहिली शर्यत केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्युनोस आयर्स येथे आणखी एका इटालियन स्थलांतरिताच्या घरी एक बालक जन्मास आले, जे पुढे पोप फ्रान्सिस म्हणून जगाला परिचित झाले. फांजिओ यांच्याजवळ स्वतःची शर्यतीची गाडी नव्हती. मित्राच्या घरची फोर्ड टॅक्सी उसनी घेण्यात आली, तिचा वरचा सांगाडा उतरविण्यात आला आणि घरच्यांना चिंता वाटू नये म्हणून टोपणनावाने नोंदणी करण्यात आली. इंजिनाने मध्येच दगा दिल्याने ती शर्यत पूर्ण झाली नाही. नंतर त्यांना ती टॅक्सी पूर्ववत दुरुस्त करून मालकाला परत द्यावी लागली, कारण त्या टॅक्सीवर एका घराची भाकरी अवलंबून होती.

एवढ्यावरच सारे संपले असते. बाल्कार्सेच्या लोकांनी मात्र आपल्या मेकॅनिकला ओळखले होते. चांगली गाडी घेण्याची त्याची ऐपत नाही हे पाहून मित्रांनी व गावकऱ्यांनी १९३९ च्या मोठ्या शर्यतीसाठी वर्गणी जमविली. हवी होती ती फोर्ड वेळेवर मिळाली नाही, म्हणून शेव्हरोले घेण्यात आली. बटाटे पिकविणारा शेतकरी, दुकानदार, गॅरेजमधला सोबती अशा सर्वसामान्यांच्या पैशातून ती गाडी उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, ब्युनोस आयर्स ते पेरूची राजधानी लिमा आणि परत अशी सुमारे ९,५०० किलोमीटरची शर्यत फांजिओ यांनी शेव्हरोलेतून जिंकली. रस्ता अँडीज पर्वतातून जाणारा, बहुतेक ठिकाणी कच्चा. वाटेतली दुरुस्ती चालकानेच करावयाची. १९४० आणि १९४१ या दोन्ही वर्षी ते राष्ट्रीय विजेते ठरले.

नंतर महायुद्धाच्या झळा तेथेही पोहोचल्या. पेट्रोल व टायर दुर्मीळ झाले आणि शर्यती बंद पडल्या. उमेदीची काही वर्षे फांजिओ यांनी जुन्या ट्रकांचा व्यवहार आणि गॅरेज यांत घालविली. तिशी उलटून गेली होती. आजच्या हिशेबाने त्यांचा काळ सरला होता.

पेरूमधली रात्र

ऑक्टोबर १९४८ मध्ये ब्युनोस आयर्स ते व्हेनेझुएलाची राजधानी काराकास अशी महाशर्यत झाली. फांजिओ यांच्या शेजारी त्यांच्या गावचा मित्र व सहचालक दानियल उर्रुतिया बसला होता. पेरूच्या किनारी भागात रात्रीच्या धुक्यात एका वळणावर गाडी रस्ता सोडून कोलांट्या खात गेली. फांजिओ जखमी झाले. उर्रुतिया गाडीबाहेर फेकला गेला आणि त्याने प्राण सोडला.

या प्रसंगी एउसेबियो मार्सिया नावाच्या प्रतिस्पर्ध्याने आपली गाडी थांबविली आणि जखमींना रुग्णालयात पोहोचविले. शर्यतीत मिनिटामिनिटाला मोल असते. मार्सिया त्या शर्यतीत दुसरे आले, पहिला क्रमांक दोमिंगो मारिमोन यांना मिळाला. अर्जेंटिनाचे लोक पुढे मार्सिया यांना रस्त्यावरचा सरदार म्हणून ओळखू लागले. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर थांबलेल्या त्या शोमरोनी माणसाची कथा आपण सारे जाणतो. तिच्यातला याजक आणि लेवी घाईत होते. ज्यांचा सारा व्यवसायच घाईचा, त्यांच्यातील एक जण थांबला, हे आम्हा धर्मगुरूंना अंतर्मुख करणारे आहे.

मित्राच्या मृत्यूने फांजिओ खचले. शर्यत कायमची सोडावी असा विचार त्यांच्या मनात आला. वर्गणीच्या वहीत न लिहिलेला खर्च त्या रात्री प्रथमच त्यांच्यापुढे उभा राहिला. तो फेडण्याची कोणतीही सोय नव्हती. उर्रुतियाच्या घरची खुर्ची कायमची रिकामी झाली होती.

युरोप आणि पाच मुकुट

तरीही ते परतले. १९४९ मध्ये अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबने, सरकारच्या पाठबळाने, मासेराती गाड्या देऊन त्यांना युरोपात पाठविले. इटलीतील गालियाते येथे या संघाने मुक्काम केला तो आकिले वार्झी या नामवंत चालकाच्या घरी. वार्झी आदल्याच वर्षी, जुलै १९४८ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बर्न येथे सरावाच्या वेळी मरण पावले होते. ज्या पित्याचा मुलगा शर्यतीने नेला, त्यानेच दुसऱ्यांच्या मुलांना आसरा दिला. संघाला वार्झी यांचेच नाव देण्यात आले.

त्या हंगामात सान रेमोपासून मोंझापर्यंत एकामागून एक शर्यती जिंकून ३८ वर्षांच्या या मेकॅनिकने युरोपला चकित केले. १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तीत १९५१ मध्ये अल्फा रोमिओ, १९५४ मध्ये मासेराती व मर्सिडीज, १९५५ मध्ये मर्सिडीज, १९५६ मध्ये फेरारी आणि १९५७ मध्ये पुन्हा मासेराती अशा चार कंपन्यांच्या गाड्यांतून त्यांनी पाच वेळा जगज्जेतेपद मिळविले. स्पर्धेतील ५१ शर्यतींत त्यांनी भाग घेतला आणि त्यांतील २४ जिंकल्या. पाच मुकुटांचा त्यांचा विक्रम २००३ मध्ये मायकेल शूमाकर यांनी मोडेपर्यंत ४६ वर्षे टिकला.

थकवा काय करतो याचा धडाही त्यांना मिळाला. जून १९५२ मध्ये उत्तर आयर्लंडमधील शर्यत आटोपून दुसऱ्याच दिवशी इटलीतील मोंझा येथे उतरावयाचे होते. विमानाची सोय न झाल्याने पॅरिसपासून रात्रभर स्वतः मोटार चालवीत ते शर्यतीच्या थोडेच आधी मोंझाला पोहोचले आणि सरावाविना शर्यतीत उतरले. दुसऱ्याच फेरीत अपघात झाला, मानेचे हाड मोडले आणि उरलेले वर्ष वाया गेले. जगातील सर्वोत्तम चालकाला जी रात्र पेलली नाही, ती आपल्याला पेलेल असे मानून पुणे किंवा नागपूरहून रातोरात गाडी हाकणाऱ्या आपल्या बांधवांनी याचा विचार करावा.

न लिहिलेला खर्च

आता वहीचे दुसरे पान.

पेरूमधील ती शर्यत जिंकणाऱ्या दोमिंगो मारिमोन यांचा मुलगा ओनोफ्रे फांजिओ यांच्या छायेत युरोपात शर्यती करू लागला होता. ३१ जुलै १९५४ रोजी जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथे सरावात तो ठार झाला. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली आणि ती फांजिओ यांनी जिंकली.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मान्स येथे फांजिओ यांच्या पुढे धावणारी, त्यांच्याच संघाची पियेर लव्हे यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत उसळली. ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदळण्यापूर्वी लव्हे यांनी हात वर करून मागील चालकाला इशारा केला आणि त्या इशाऱ्यामुळे आपण वाचलो, असे फांजिओ अखेरपर्यंत मानीत. त्या वर्षाअखेर मर्सिडीज कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतले.

१९५६ मध्ये फेरारी संघात फांजिओ यांच्यासोबत चार उमदे तरुण होते : कास्तेलोत्ती, दे पोर्तागो, मुस्सो आणि इंग्लंडचा पीटर कॉलिन्स. वर्षातील शेवटच्या शर्यतीत, मोंझा येथे, फांजिओ यांची गाडी बिघडली. कॉलिन्स याला त्या दिवशी स्वतः जगज्जेता होण्याची संधी होती. तरीही त्याने गाडी थांबविली आणि ती आपणहून फांजिओ यांना दिली. त्याचे वय होते २४. आपल्यापुढे अजून पुष्कळ वर्षे आहेत, असा त्याचा हिशेब होता.

ती वर्षे त्याच्या वाट्याला आली नाहीत. मार्च १९५७ मध्ये कास्तेलोत्ती गेला. मे महिन्यात दे पोर्तागो आपल्या सहचालकासह गेला आणि त्याच्या गाडीने रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही नेले, ज्यांत पाच मुले होती. जुलै १९५८ मध्ये मुस्सो गेला आणि ऑगस्टमध्ये कॉलिन्स. त्या चौघांपैकी दोन वर्षांनंतर एकही हयात नव्हता. मुस्सोच्या मृत्यूनंतर व्हॅटिकनच्या ओस्सेर्वातोरे रोमानो या दैनिकाने शर्यतीच्या या व्यवसायावर कठोर टीका केली आणि आपल्याच मुलांना गिळणाऱ्या पुराणातील सॅटर्नशी एन्झो फेरारी यांची तुलना केली. आमच्या मते ती टीका एका माणसापुरती नव्हती. टाळ्या वाजविणारे, तिकीट काढणारे आणि विजयानंतर दुसऱ्या दिवशी मृताला विसरणारे, सारेच तिच्या कक्षेत येतात.

थांबण्याचे धैर्य

४ ऑगस्ट १९५७ रोजी न्यूरबर्गरिंग येथे ४६ वर्षांच्या फांजिओ यांनी आपली सर्वांत मोठी शर्यत केली. टायर व इंधनासाठी थांबल्यावर ते पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडले. नंतर फेरीगणिक विक्रम मोडीत त्यांनी पुढच्या दोघा तरुणांना गाठले आणि मागे टाकले. पाचवे अजिंक्यपद निश्चित झाले. तथापि, त्या दिवशी आपण आपल्या मर्यादेपलीकडे गेलो होतो, हे त्यांनी स्वतः ओळखले. पुन्हा तसे गाडी चालवावयाची त्यांची इच्छा राहिली नाही.

फेब्रुवारी १९५८ मध्ये क्यूबातील हवाना येथे क्रांतिकारकांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांचे अपहरण केले आणि एका दिवसाहून थोड्या अधिक काळानंतर सुखरूप सोडून दिले. त्यांच्याविना झालेल्या त्या शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मरण पावले. फांजिओ यांनी अपहरणकर्त्यांविषयी मनात अढी धरली नाही.

६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समधील रेम्स येथे, ज्या शर्यतीत मुस्सो गेला त्याच शर्यतीत, फांजिओ चौथे आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. मानधन देणारे होते, गर्दी जमणार होती, तरी ते थांबले. आमच्या दृष्टीने त्यांच्या २४ विजयांपेक्षा हा निर्णय थोर आहे. सुरुवात करणे सोपे नसते हे खरे, परंतु वेळेवर थांबणे त्याहून कठीण असते.

पुढील आयुष्य त्यांनी आपल्या देशात, मर्सिडीज मोटारींच्या व्यवसायात घालविले. ज्या गावाने वर्गणी दिली त्या बाल्कार्से येथे १९८६ मध्ये त्यांच्या गाड्यांचे व चषकांचे संग्रहालय उघडले. १७ जुलै १९९५ रोजी ८४ व्या वर्षी ब्युनोस आयर्स येथे त्यांचे निधन झाले आणि गावच्या मातीतच त्यांना विसावा मिळाला.

सत्य सांगावयाचे तर ते संत नव्हते. त्यांनी विवाह केला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी डीएनए तपासणीच्या आधारे न्यायालयाने त्यांचे पितृत्व मान्य केले, तेव्हा ती मुले स्वतः वृद्ध झाली होती. पित्याचे नाव मिळण्यासाठी इतकी वर्षे वाट पाहणे हाही एक खर्चच होय आणि तो ज्यांनी भरला त्यांनी कधी शर्यत केली नव्हती. थोरांचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आपल्या मुलांसाठी

आता पालकांच्या प्रश्नांकडे वळू. आजचा मार्ग कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या शर्यतगाड्यांपासून, सुरू होतो आणि पुष्कळ मुले दहा वर्षांच्या आतच त्यात उतरतात. आपल्या राज्यात कोल्हापुरात आणि दक्षिणेत कोइमतूर व चेन्नई येथे या खेळाची परंपरा आहे. अधिकृत स्पर्धेसाठी भारतीय मोटर स्पोर्ट्स महासंघाचा परवाना लागतो. गाडी, टायर, इंधन, मेकॅनिक, प्रवास, शिरस्त्राण व अग्निरोधक पोशाख हा खर्च दरवर्षी येतो आणि वरच्या पायरीवर तो कोट्यवधींत जातो. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, तेही प्रायोजकांच्या बळावर. फांजिओ यांच्या काळी एक गाव पुरे पडले. आज एका मध्यमवर्गीय कुटुंबाने घर गहाण टाकले तरी ते पुरे पडेलच असे नाही. मुलाचा ओढा खरा असेल तर त्याला आधी यंत्र शिकू द्यावे. मेकॅनिक, अभियंता, पंच, बचावपथकातील डॉक्टर, असे या खेळाचे अनेक दरवाजे आहेत.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. जालना रोडवर किंवा बायपासवर मध्यरात्री दुचाकी पळविणे ही शर्यत नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तो गुन्हा आहे. तेथे ना बचावपथक असते, ना कुंपण, ना समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याची संमती. तरुणांच्या शवपेटीपुढे मिस्साबलिदान अर्पण करण्याची वेळ आम्हांवर आलेली आहे. अशा वेळी आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, अशी शिकवण प्रभू येशूने संत लूकच्या शुभवर्तमानात दिली आहे. फांजिओ यांच्या वहीत उसनी टॅक्सी आहे, गावाची वर्गणी आहे, वार्झींच्या पित्याचे छप्पर आहे, मार्सियाने गमावलेली मिनिटे आहेत आणि कॉलिन्सने सोडलेला मुकुट आहे. त्यांच्या प्रत्येक पायरीचे मोल दुसऱ्या कोणीतरी दिले होते. आपल्या आयुष्याचेही असेच आहे. आपल्यासाठी कोणी काय भरले, हे प्रत्येकाने एकदा शांतपणे आठवावे आणि घरून गाडीची किल्ली उचलताना त्यांची आठवण ठेवावी.

प्रवाशांचा आश्रयदाता संत ख्रिस्तोफर आपल्या सर्व चालकांसाठी विनंती करो आणि प्रत्येक आईचा मुलगा रात्री सुखरूप घरी येवो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.